पालथी पुस्तके

माझे जाणे फार लहान असते. दहा सेकंद, कधी पंधरा, फार झाले तर अर्धे मिनिट. मी पडत नाही, थरथरत नाही. उभा असेन तर उभाच राहतो. डोळे उघडे असतात, आणि हात एखाद्या सवयीच्या कामात असतील तर मालकावाचूनही ते काम थोडा वेळ चालू ठेवतात. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला अपस्माराचा एक प्रकार म्हटले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी जाणे कमी झाले, संपले नाही. आमच्या घरी त्याला सुटसुटीत नाव आहे. 'दिवे गेले' म्हणायचे, आणि परत आले की पुढच्या कामाला लागायचे.

आतून पाहिले तर काहीच तुटलेले नसते. एका क्षणाला दुसरा क्षण नीट शिवलेला असतो. मधले कापड कुणी काढून नेले हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते. शाळेत गणित फळ्यावर अर्धे असे, आणि पापणी लवते न लवते तोच उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या दिसत. पुढे एका यंत्रशाळेत उमेदवारीला लागलो, तिथून तिसऱ्या दिवशी हात जोडून घरी पाठवले, आणि ते बरोबरच होते. जग माझ्यासाठी थांबत नसे. पुस्तक थांबे. मी ज्या ओळीवरून गेलो त्याच ओळीवर ते माझी वाट पाहत असे, कुठे गेला होतास म्हणून विचारत नसे. त्यामुळे चौदाव्या वर्षापासून मी आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वाढलो म्हणायला हरकत नाही. चोविसाव्या वर्षी ग्रंथपाल बाईंनी मला तिथेच कामाला घेतले.

"दिवे गेले तर जाऊ देत," त्या म्हणाल्या होत्या. "पुस्तकं काही पळून जात नाहीत."

ग्रंथालय तीन खोल्यांचे. पुढे वर्तमानपत्रांची लांब मेजे, मध्ये देवघेवीचे काउंटर, मागे बावीस मांडण्यांवर नऊ हजार सहाशे चाळीस पुस्तके. माणसे आम्ही तीन: बाई, मी, आणि काउंटरवर बसणारे काका. काकांची नोकरी एकतीस वर्षांची होती. मी बोलत नाही म्हणून त्यांनी मला 'मुनी' असे नाव ठेवले होते. वाचकांसमोर दिवे जाऊ नयेत म्हणून मी होऊन मागच्या खोलीतले काम मागून घेतले होते. परत आलेली पुस्तके जागेवर लावायची, फाटलेली पाने चिकटवायची, धूळ झटकायची.

दर तीन वर्षांनी ग्रंथालयाची पडताळणी होते. चार दिवस दारे बंद ठेवून एकूण एक पुस्तक मोजायचे. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर खालच्या बाजूला त्याचा दाखल क्रमांक चिकटवलेला असतो. एकाने मांडणीसमोर उभे राहून तो मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्याने मागे मेजापाशी बसून, एकपासून शेवटपर्यंतचे सगळे क्रमांक छापलेल्या वहीत तो खोडायचा. शेवटी जे क्रमांक खोडायचे राहतील ती पुस्तके गहाळ. त्या वर्षी म्हणणारा मी होतो आणि खोडणारे काका.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, वाचकांकडे गेलेली पुस्तके वगळून, न खोडलेले क्रमांक भरले चारशे एकतीस.

बाईंनी ते दोनदा मोजले आणि चष्मा काढून मेजावर ठेवला. शेकडा दोन गहाळ चालतात, म्हणजे आमच्या हिशेबी एकशे ब्याण्णव. त्याहून जास्त झाली की देवघेव बंद होणार, पुस्तके उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुख्य ग्रंथालयात जाणार, आणि आमच्याकडे उरणार वर्तमानपत्रे व खुर्च्या. असा नियम आहे. मला मात्र नियमाच्या आधी माझे बोट आठवले. म्हणताना मी बोट पाठीवरून पाठीवर सरकवत जात असे. दिवे गेले की बोट सरकत राहणार आणि तोंड मिटलेले असणार. काकांना वाटणार, मुनी क्रमांक शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडताळणीची वही पाहायला तपासनीस आले. उंच, कोरडे, हातात पातळ फाइल. त्यांनी वही चाळली.

"खोडायचं काम कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे, साहेब," काका म्हणाले. "एकतीस वर्षं काढली इथं. आजवर एक पुस्तक माझ्या हातून..."

"ते मी विचारलं नाही. चारशे एकतीस पुस्तकं जातात आणि काउंटरवर बसणाऱ्याला पत्ता लागत नाही?"

काकांची मान खाली गेली. ती माझ्याने पाहवली नाही. मी पुढे झालो. मला वाटते, त्या खोलीत मी एका दमात इतके कधीच बोललो नव्हतो.

"काकांची चूक नाही, साहेब. मला अपस्मार आहे. मधेच काही सेकंद मला काही कळत नाही. तेवढ्यात काही पुस्तकं म्हणायची राहून गेली असणार. ती जागेवरच असतील."

तपासनीसांनी माझ्याकडे, मग बाईंकडे पाहिले. बाईंनी राहिलेल्या क्रमांकांतले दहा उतरवून घेतले, त्यांची नावे दाखल नोंदवहीत शोधली आणि मला मांडण्यांकडे पिटाळले. दहापैकी आठ पुस्तके जागच्या जागी होती. मी ती छातीशी धरून आणली. बाईंचा चेहरा उजळला.

तपासनीसांनी वही मिटली.

"म्हणजे 'नाहीत' म्हणून लिहिलेली पुस्तकं इथंच आहेत," ते म्हणाले. "मग 'आहेत' म्हणून लिहिलेली खरोखर आहेत, हे कशावरून मानायचं? ही वही बाद. तीन दिवस देतो. पहिल्यापासून मोजा. नाही जमलं तर चारशे एकतीस हाच आकडा वर जाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि यांना मोजणीत घेऊ नका."

काकांनी त्यांच्यामागे दार लावून घेतले.

"मुनी," काका म्हणाले, "दोन वर्षं तोंड उघडलं नाहीस. अजून दोन मिनिटं दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?"

"त्याला कशाला बोलताय?" बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच उघडलं त्यानं."

"ते कळतंय हो मला. म्हणून तर राग येतोय."

बाईंनी मांडणीच्या खालच्या कप्प्यासमोर बसून पाहिले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला. काकांच्या कंबरेचे तर नावच नको. बावीस मांडण्या, प्रत्येकीला सहा कप्पे. मोजणी दोन माणसांची, आणि मला मनाई.

घरी गेलो तेव्हा अजून उजेड होता. जेवण ताटात तसेच ठेवून उठलो. आईच्या मते दुःखावर पहिला उपाय म्हणजे हाताला काम. तिने मला भांड्यांपाशी उभे केले. ताई शेजारी फडके घेऊन पुसायला उभी राहिली. मी सगळे सांगितले.

"थोडक्यात, खरं बोलून घोटाळा केलास," ताई म्हणाली. "आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल."

"चेष्टा नको करू."

"बरं, नाही करत. ते ताट परत का घासतोस? पालथं ठेवलेलं होतं ना?"

मी हातातल्या ताटाकडे पाहिले. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आईने हा नियम घातला होता. घासलेले भांडे ओट्यावर पालथे ठेवायचे आणि राहिलेले उताणे. दिवे गेले आणि आले, की कुठवर आलो होतो ते आठवत बसायचे नाही, ओट्याकडे पाहायचे. इतक्या वर्षांत तो नियम माझ्या हातांत मुरला होता, त्यामुळे तो मला दिसेनासाच झाला होता.

नळ वाहत राहिला. मी ओट्याकडे पाहत होतो.

"गेले वाटतं," ताई आईला म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "आहे मी. पुस्तकं पालथी घालायची."

दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू झाली की नाही ते बघायला तपासनीस आले तेव्हा मी दारातच उभा होतो. बोलायचे सगळे कागदावर लिहून आणले होते, पण ते समोर आले तसा कागद खिशात घातला.

"साहेब, एक पद्धत सुचली आहे. मी क्रमांक म्हणायचा. काकांनी तो मोठ्याने परत म्हणायचा आणि खोडायचा. त्यांचा आवाज ऐकल्यावरच मी पुस्तक ओढून उलटं ठेवायचं, पाठ आत, पानांची कड बाहेर. ज्याची पाठ दिसते ते मोजायचं राहिलं. मी मध्येच गेलो तरी मांडणी जागी असते. तिला काही होत नाही."

त्यांनी काही क्षण माझ्याकडे निरखून पाहिले.

"आणि उलटं ठेवायचं काम तुमचा हात तुमच्या नकळत करत राहिला तर?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. उत्तर माझ्याऐवजी काकांनी दिले.

"मग वहीत खोडलेले आणि मांडणीवर उलटलेले जुळणार नाहीत, साहेब. दर कप्प्याला दोन्ही मोजायचे. खोटं लगेच सापडेल."

"कप्पे कोण मोजणार?"

"तुम्हीच मोजा. तुमच्यावर तर तुमचा विश्वास असेल ना?"

बाईंनी खोकल्याच्या मिषाने तोंड फिरवले. तपासनीसांनी खुर्ची ओढली. "आजचा एक दिवस," ते म्हणाले.

पहिला तास नीट गेला. मी म्हणे, काका परत म्हणत, पुस्तक फिरे. रंगीत पाठींच्या जागी हळूहळू पिवळट-पांढऱ्या कडा येऊ लागल्या, आणि कप्प्याच्या टोकाशी पोहोचले की तपासनीस बोटाने मोजत. मला ती लय आवडू लागली होती. इतकी, की भीतीचा विसर पडत होता.

मग मी मागे वळलो तेव्हा काकांची पेन्सिल हवेत थांबलेली होती आणि तपासनीस खुर्चीतून अर्धे उठलेले होते. ती शांतता मी ओळखतो. माझे बोट कप्प्याच्या उजव्या टोकाला होते. मी ते उचलले आणि डावीकडे पाहत गेलो. पांढऱ्या कडा जिथे संपत होत्या, तिथे एका निळ्या पुस्तकाची पाठ होती. मी त्यावर बोट ठेवले आणि क्रमांक म्हटला. काकांनी तो परत म्हटला, आवाज थोडा चिरकला. मी पुस्तक फिरवले.

"काय झालं होतं आता?" तपासनीसांनी विचारले.

"गेलो होतो. आलो."

"किती पुस्तकं सुटली?"

"सात असती, साहेब. एकही सुटलं नाही." आणि मी उरलेली सहाही त्यांच्यासमोर, एकेक क्रमांक म्हणत, फिरवली. त्यांनी कप्पा दोनदा मोजला. मग फाइलमध्ये काही लिहिले आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवून बसले. 'आजचा एक दिवस' हे त्यांनी पुन्हा काढले नाही.

दुपारी जेवणानंतर पाचवी मांडणी लागली. मी क्रमांक म्हटला आणि आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. पुन्हा म्हटला. वळून पाहिले तर काका ताठ बसलेले, पेन्सिल कागदावर टेकलेली, डोळे किलकिले उघडे, आणि चेहऱ्यावर कुणीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ते दृश्य बाहेरून पाहत होतो. तपासनीस काही बोलणार तोच मी हात वर करून त्यांना थांबवले. अशा वेळी हाका मारू नयेत, एवढे मला कळते.

पाऊण मिनिटाने काका हलले. "हं, खोडला," ते म्हणाले.

"कोणता, काका?"

त्यांनी वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. कान लाल झाले.

"जेवल्यावर जरा डोळा लागतो रे. सगळ्यांचंच होतं."

"परवाही लागत होता?"

"बसल्या बसल्याच. मिनिट, दोन मिनिटं." मग ते बाद झालेल्या वहीची पाने उलटू लागले. परवा मी त्यांच्याकडे पाठ करून क्रमांक म्हणत गेलो होतो. परत म्हणण्याची पद्धत नव्हती. आणि त्या दोन-दोन मिनिटांत वीस-वीस पुस्तके हवेत विरली होती. बाईंनी न खोडलेल्या क्रमांकांची यादी मांडण्यांप्रमाणे लावून पाहिली. सकाळच्या मांडण्यांतले मोजकेच राहिले होते. दुपारच्यांतले शेकड्यांनी.

"मुनी," काका हळू आवाजात म्हणाले, "मी सगळं तुझ्या माथी जाऊ दिलं रे."

"तुम्हाला कुठं माहीत होतं? आतून कळत नाही ते."

"तुला औषध तरी आहे. मला काय आहे?"

"चहा," बाई म्हणाल्या, आणि तिथून पुढे जेवणानंतर त्या काकांसमोर कडक चहाचा पेला ठेवून समोरच बसू लागल्या. काकांचा आवाज गेला की त्या मेजावर बोटाने टकटक करत. माझ्यासाठी कुणी टकटक केली नाही. तशी गरज नव्हती. माझे दिवे जात, येत, आणि मी पहिल्या पाठीपासून सुरू करत असे.

तिसऱ्या दिवशी मात्र एक कप्पा जुळेना. वहीत चौतीस खोडलेले, मांडणीवर चौतीस उलटलेले, आणि तपासनीसांच्या फाइलमध्ये काहीच नाही. आम्ही तिघांनी वळून पाहिले. साहेब खिडकीपाशी उभे होते आणि कबुतरे पाळण्यावरचे एक जुने पुस्तक वाचत होते. त्यांनी ते केव्हा उचलले कुणालाच माहीत नव्हते. पान उलटताना त्यांचे ओठ किंचित हलले.

"त्यांचेही गेले," काका माझ्या कानाशी म्हणाले. "थांब, हाका मारायच्या नसतात."

आम्ही थांबलो. ते परत आले तेव्हा थोडे वरमले, पुस्तक मेजावर ठेवले आणि कप्पा मोजला. "चौतीस," ते म्हणाले. मग, कुणी विचारले नसताना, "लहानपणी होती आमच्याकडे. चौदा कबुतरं."

संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटचे पुस्तक फिरले. बाईंनी वाचकांकडे असलेल्या पुस्तकांची कार्डे मोजून मिळवली आणि बेरीज तपासनीसांपुढे सरकवली. नऊ हजार पाचशे त्र्याऐंशी. गहाळ सत्तावन्न. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि छताकडे बघून हसत राहिल्या. काकांनी पेन्सिल खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मी बावीस मांडण्यांकडे पाहत होतो. खोलीभर फक्त पांढऱ्या कडा होत्या. एकही नाव दिसत नव्हते, एकही सुटलेले नव्हते, आणि त्यातली प्रत्येक कड माझ्या हाताखालून गेली होती.

तपासनीस अहवाल लिहीत होते. "ही पद्धत दुसऱ्या ग्रंथालयांनाही कळवावी म्हणतो," ते म्हणाले. "काय नाव लिहू?"

"मुनी पद्धत," काका म्हणाले.

"नाव राहू दे, साहेब," मी म्हणालो. "कुणी काढली ते लिहा."

"तेच तर विचारतोय."

मी त्यांच्या मेजापाशी जाऊन उभा राहिलो. "लिहा, की मोजणी करणाऱ्या सहायकाला अपस्मार आहे. त्याच्या घरी भांडी अशी ठेवतात, म्हणून त्याला ही पद्धत माहीत होती. त्याला मोजणीतून काढलं असतं तर ती सापडली नसती."

त्यांची लेखणी थांबली. मला वाटले, मी फार बोललो.

"शेवटचं वाक्य पुन्हा सांगा," ते म्हणाले. "नीट उतरवून घेतो."

दुसऱ्या दिवशी दारे उघडायची होती आणि नऊ हजारांहून जास्त पुस्तके उलटी उभी होती. बाई म्हणाल्या, आपण तिघे सरळ करत बसलो तर आठवडा जाईल. वाचकांचं ग्रंथालय आहे, वाचकांना सांगू. दारावर त्यांनी हाताने लिहिलेला कागद लावला: 'आत या. पुस्तके सरळ करायला हात हवे आहेत.'

लोक आले. निवृत्त टपालवाला आला, रात्रपाळीहून थेट परिचारिका आली, एका शिवणकामवालीने गळ्यातली टेप न काढताच सातवी मांडणी घेतली. दुपारपर्यंत मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाव दिसत नसल्याने प्रत्येक पुस्तक हातात घेऊन फिरवावे लागे, आणि हातात आले की ते उघडले जाई. वर्षानुवर्षे एकाच कप्प्यापुढे उभी राहणारी माणसे भलत्याच कप्प्यांपाशी बसून वाचत होती. "हे होतं का आपल्याकडे?" असे कुणी ना कुणी दर थोड्या वेळाने म्हणे. टपालवाल्याने आकाशनिरीक्षणावरचे पुस्तक काखोटीला मारले आणि काम तसेच टाकून काउंटरकडे निघाला. त्याच्यामागे परिचारिका, तिच्यामागे आणखी सहाजण. रांग पुढच्या खोलीपर्यंत गेली.

काकांनी घड्याळाकडे पाहिले. दीड वाजला होता. ते उठून माझ्याकडे आले.

"मुनी, मी मागं जाऊन वीस मिनिटं रीतसर झोपणार आहे. बाईंना विचारलंय. तू काउंटरवर बस."

"मी? तिथं सगळ्यांसमोर?"

"मग काय सगळ्यांच्या पाठीमागं? बस."

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी काउंटरची फळी माझ्यासाठी उचलून धरली. मी आत गेलो, खुर्ची ओढली. समोर चेहऱ्यांची रांग होती, आणि अर्ध्याअधिक जणांची नावे मला त्यांच्या कार्डांवरून पाठ होती.

"एक सांगून ठेवतो," मी रांगेला म्हणालो. "मला अपस्मार आहे. मध्येच मी काही क्षण थांबलो तर घाबरू नका. आपोआप पुढं सुरू करीन."

"चालेल की," टपालवाला म्हणाला आणि पुस्तक पुढे केले. "आम्हाला कुठं गाडी पकडायचीय."

मी त्याचे कार्ड काढले, तारखेचा शिक्का उमटवला आणि पुस्तक त्याच्या हातात दिले.

"पुढचे," मी म्हणालो, आणि ते रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेले.